डिस्चार्जनंतर 'जुना डबा घेऊन या' म्हणणारं मेडिकल

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव या रिव्ह्यूत नाही. मालकांना विचारलं होतं, ते म्हणाले नाव टाकू नका साहेब, उद्या वीस जण औषधांच्या पिशव्या घेऊन आले तर बसवायला जागा नाही आणि बघणारं माणूस एकच आहे. खरंय ते. सांगलीत विश्रामबागेत शंभर फुटी रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, जेमतेम दहा बाय बाराचं, बाहेर एक लाकडी बाकडं, एवढ्यावर ज्यांना ओळखू येईल त्यांना येईल. बाकीच्यांनी आपल्या गल्लीतल्या मेडिकलला काय विचारायचं एवढं जरी यातून घेतलं तरी चालेल.

तर झालं असं की आमच्या अण्णांना दिवाळीनंतर अटॅक आला. वय ७१, एसटीत कंडक्टर होते, माणूस एकदम हिशोबी. मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला. मिरजेला आमच्याकडची माणसं दोन कारणांनी जातात, सतार घ्यायला नाहीतर दवाखान्याला, आणि आमच्या घरात सतार कुणाला वाजवता येत नाही. ऑपरेशन, डॉक्टर, सिस्टर सगळं चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते डिस्चार्जच्या दिवसाबद्दल.

सकाळी अकराला राऊंडला डॉक्टर म्हणाले जा घरी, आणि आम्ही बाहेर पडलो संध्याकाळी साडेपाचला. मधला सगळा वेळ फाईल खाली, फाईल वर, इन्शुरन्सचं अप्रूव्हल, परत फाईल खाली. पाच वाजता खालच्या मेडिकलचा पोरगा खाकी पिशवी घेऊन आला, ३,४६० रुपये बिल, आणि सिस्टरनं अण्णांच्या हातातली सुई काढता काढता दोन मिनिटात सांगितलं ही सकाळी, ही रात्री, ही दुखलं तरच, कार्डवर सगळं लिहिलंय बघा. तिची चूक नाही, तिच्या मागं अजून तीन डिस्चार्ज लाईनीत होते. पण कार्डवर काय लिहिलेलं तर ओडी, बीडी, एचएस, एसओएस, आणि एका गोळीपुढं १-०-१. मी इंजिनिअर आहे हो, शिकलेला माणूस आहे, तरी एचएस म्हणजे हाफ असं समजून कोलेस्टेरॉलची गोळी रोज रात्री चाकूनं अर्धी करून देत होतो. एचएस म्हणजे रात्री झोपताना. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, एसओएस गरज पडली तरच, आणि १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे मला चार दिवसांनी मेडिकलमध्ये कळलं आणि मान खाली गेली.

ही झाली माझी चूक. अण्णांची वेगळीच. त्यांचा स्वतःचा एक डबा आहे, शेवेचा जुना प्लास्टिकचा, त्यात गेल्या आठ-दहा वर्षांची बीपीची, शुगरची सगळी औषधं. त्यांच्या डोक्यात सरळ हिशोब होता, मिरजेच्या गोळ्या हार्टच्या आणि डब्यातल्या बीपी-शुगरच्या, म्हणजे दोन्ही घ्यायच्या. आणि आम्हाला कुणालाच हे चुकीचं वाटलं नाही. कारण जुन्या गोळ्या बंद करा असं कार्डवर कुठं लिहिलेलंच नव्हतं! नवीन काय सुरू ते लिहिलेलं, जुनं काय बंद ते नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा बाथरूममधून भिंतीला धरून बाहेर आले, घाम फुटलेला, म्हणे गरगरतंय. आईला वाटलं अशक्तपणा, मला म्हणाली पळ आणि ओआरएसचं पाकीट आण. मी बाईक काढून नेहमीच्या मेडिकलला गेलो तर त्याचं शटर अर्धं खाली, म्हणून पुढच्या गल्लीत या दुकानात शिरलो. पूर्वी कधी गेलो नव्हतो.

काउंटरला एक मॅडम, पस्तिशीच्या असतील, पांढरा ॲप्रन घातलेला. मी म्हणलं ओआरएस द्या दोन पाकिटं. कुठलंही मेडिकल असतं तर पाकिटं टाकली असती समोर, स्कॅनर दाखवला असता, विषय संपला. या म्हणाल्या कुणाला पाहिजे, जुलाब होतायत का? मी म्हणलं नाही हो, वडिलांना चक्कर येतीय, परवाच अँजिओप्लास्टी झालीय. त्यांनी पाकीट हातातच धरून ठेवलं. शुगर आहे का, मशीन आहे का घरी, आत्ता फोन लावा आणि शुगर बघायला सांगा. आईनं बघितली, ६८ आली. मॅडम म्हणाल्या तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि तुम्ही घरी जाऊन मिरजेचं कार्ड, मिरजेची पिशवी आणि जुना डबा, घरात असेल नसेल ते सगळं घेऊन या. जुना डबा घेतल्याशिवाय येऊ नका.

मी अर्ध्या तासात परत गेलो, तोवर शुगर ११० झाली होती आणि अण्णा चहा मागत होते.

आता पुढचं जरा सविस्तर सांगतो कारण असं मी कुठल्या मेडिकलमध्ये बघितलं नव्हतं. त्यांनी काउंटरवरचा खोकल्याच्या गोळ्यांचा स्टँड बाजूला सरकवला, काचेवर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा पालथा केला. एकेक पट्टी उचलायच्या, चष्मा वर करून पाठीमागचं बारीक अक्षर वाचायच्या, आणि गोळीचं नाव नाही तर आतल्या औषधाचं नाव मोठ्यानं बोलायच्या. तीन ढीग केले. एक चालू, एक बंद वाटणारं, एक डॉक्टरांना विचारायचं. आणि ते ढीग जसे वाढत गेले तशी माझी टरकत गेली.

डब्यातली बीपीची गोळी म्हणजे टेलमिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र. मिरजेच्या पिशवीत नुसतं टेलमिसार्टन, दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या रंगाचं. म्हणजे टेलमिसार्टन डबल. शुगरची जुनी गोळी मेटफॉर्मिन अधिक ग्लिमेपिराइड, पिशवीत नुसतं मेटफॉर्मिन. ते पण डबल, वर ग्लिमेपिराइड, जे मिरजेच्या यादीतून गेलेलं होतं आणि शुगर खाली ओढणारं तेच. फॅमिली डॉक्टरांनी कधीकाळी दिलेली एक कॅप्सूल, त्यात एस्पिरिन ७५ आणि एटोरव्हास्टॅटिन १०. पिशवीत क्लोपिडोग्रेल आणि एस्पिरिनची एकत्र गोळी (दोन्ही रक्त पातळ करायची औषधं), शिवाय एटोरव्हास्टॅटिन ४० वेगळं. एस्पिरिन डबल, एटोरव्हास्टॅटिन पण दोन ठिकाणी, ज्यातली एक मी चाकूनं अर्धी करत होतो. चार औषधं डबल, चार दिवस, आणि घरात कुणाला पत्ता नाही, कारण सगळ्या पट्ट्यांवरची मोठी नावं वेगवेगळी.

अजून होतं डब्यात. ॲसिडिटीची ओमेप्राझोलची कॅप्सूल, ती म्हणे क्लोपिडोग्रेलबरोबर सहसा टाळतात कारण त्याचा असर कमी करू शकते, मिरजेच्या डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिलंय तेच पुरे. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकची पट्टी, निम्मी संपलेली. रक्त पातळ करायच्या दोन औषधांवर हे पेनकिलर पडलं तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती, शिवाय हार्टला आणि किडनीला पण चांगलं नाही, गुडघा दुखला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि सगळ्यात खाली आईच्या थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली. ती अण्णांच्या डब्यात का होती याचं उत्तर आई आणि अण्णा अजून एकमेकांवर ढकलतायत.

मला जे सगळ्यात आवडलं ते पुढं. मी म्हणलं मग हे बंद करू ना, फेकून देतो. मॅडम म्हणाल्या थांबा, बंद करायचा अधिकार माझा नाही, मी फक्त दाखवू शकते. आणि माझ्यासमोर मिरजेला फोन लावला, रिसेप्शन, मग वॉर्ड, मग कुणी उचलेना, मग परत, शेवटी तिसऱ्यांदा ड्युटीवरचे डॉक्टर मिळाले. त्यांना एकेक औषध मिलिग्रॅमसकट वाचून दाखवलं, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून वीस मिनिटांनी उलटा फोन केला, जुनं सगळं बंद, बीपी आत्ता किती आहे ते कळवा, उद्या ओपीडीला आणा. मग तीच गोष्ट आमच्या फॅमिली डॉक्टरांनाही फोन करून सांगितली, नाहीतर ते पुढच्या महिन्यात परत तीच कॅप्सूल लिहून देणार! हे मला सुचलंच नसतं.

या सगळ्याचे पैसे किती घेतले तर शून्य. ओआरएस पण विकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडीतून येताना अण्णांनाच घेऊन गेलो. त्या बाकड्यावर बसवलं, मॅडमनी अण्णांचं बीपी बघितलं, आणि मग एक कागद आखला. आडव्या रकान्यात सकाळी उपाशी, नाष्ट्यानंतर, दुपारी, रात्री जेवल्यावर, झोपताना. उभ्या रकान्यात औषधाचं नाव, कशासाठी आहे ते मराठीत, आणि किती दिवस. पॅन्टोप्राझोल नाष्ट्याच्या अर्धा तास आधी. लघवीची गोळी सकाळीच, रात्री घेतली तर रात्रभर उठत बसाल काका, आणि ती पाचच दिवस होती, बघा आज संपली. मेटोप्रोलोलची गोळी हळूहळू विरघळणारी आहे, ती कुटायची नाही, चावायची नाही. प्रत्येक पट्टीवर स्केच पेननं सूर्य नाहीतर चंद्र काढला. अण्णांनी कागद हातात घेतला, उलटा पालटा केला आणि म्हणाले हे तर वेबिल आहे की ओ. एसटीतल्या लोकांना कळेल, कंडक्टरला रोज वेबिल भरायला लागतं, कुठल्या स्टॉपला किती तिकिटं फाडली ते. तेव्हापासून आमच्या घरात त्या कागदाला वेबिलच म्हणतात, फ्रीजवर लावलंय, गोळी घेतली की अण्णा बारीक टिक करतात आणि रात्री झोपायच्या आधी टोटल मारतात. आधी आम्ही ओरडून ओरडून गोळ्या द्यायचो, आता तेच आम्हाला सांगतात.

छातीत दुखलं तर घ्यायच्या जिभेखालच्या गोळीचं पण नीट समजावलं, दवाखान्यात नुसतं दुखलं तर घ्या एवढंच सांगितलेलं. ती गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची, आणि बसून घ्यायची, उभ्यानं घेतली तर बीपी उतरून पडाल. पाच मिनिटात दुखणं कमी नाही झालं तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन. आणि ती गोळी कपाटात नाही, काकांच्या खिशात पाहिजे. मग मालक उठले, मॅडमचे सासरे, साठीचे गृहस्थ, अण्णांना बाजूला नेऊन कानात काहीतरी विचारलं आणि अण्णा एकदम लालबुंद, छे छे काहीतरीच काय! नंतर कळलं ते शक्तीच्या, म्हणजे व्हायग्रासारख्या गोळ्यांबद्दल होतं, त्या आणि ही जिभेखालची एकत्र झाली तर बीपी धोकादायक खाली जातं म्हणून विचारायलाच लागतं. सुनेनं विचारण्यापेक्षा सासऱ्यांनी विचारावं अशी त्यांच्यात वाटणी आहे. मानलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन, चक्कर येतीय का, संडास काळी होतीय का, हिरड्यातून रक्त येतंय का. दहाव्या दिवशी परत फोन. दहाव्या दिवशी आम्ही सांगितलं की दाढ दुखतीय आणि डेंटिस्ट म्हणतोय काढून टाकू, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा. मॅडमचा आवाज बदलला. स्टेंट नवीन आहे, ही गोळी कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक दिवस पण बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, अटॅकनंतर ही दोन औषधं सहसा वर्षभर तरी चालतात. कार्डिओलॉजिस्टनी पण तेच सांगितलं. दाढेला आता अँटिबायोटिकवर ढकललंय.

बरं, आता तुलना. हॉस्पिटलच्या मेडिकलमधून पहिल्या दिवशी घेतलं ते ठीक, रात्री कुठं शोधत बसणार. पण तिथूनच घ्यायची सक्ती नाही, आणि तशी पाटी लावा असं महाराष्ट्र एफडीएनं (अन्न व औषध प्रशासन) २०२५ मध्ये हॉस्पिटलांना सांगितलंय, हे मला माहीत नव्हतं. ऑनलाईन ॲपवर दुसऱ्या महिन्याची ऑर्डर मी करून बघितली, डिस्काउंट २२ टक्के होता, मोह झाला. एक औषध दुसऱ्याच ब्रँडचं आलं, आतला घटक तोच, पण रंग वेगळा, डबी वेगळी, अण्णांनी वेबिलाशी ताडून बघितलं आणि घ्यायलाच तयार नाहीत. चॅटवर मला पंचेचाळीस मिनिटं धन्यवाद, आम्ही आपली काळजी समजतो असं येत राहिलं. स्वस्त आहे, ज्याचं औषध वर्षानुवर्षं तेच आहे त्याला चालेल. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या महिन्यात नको, हे माझं मत.

आणि हे ऐका, स्वस्ताईचा रस्ता पण मॅडमनीच दाखवला. म्हणाल्या वर्षभर चालणारी औषधं आहेत, परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात बघा, एटोरव्हास्टॅटिन, टेलमिसार्टन, मेटफॉर्मिन तिथं निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, फक्त घ्याल तेव्हा मला पट्ट्या आणून दाखवा म्हणजे वेबिलात नाव बदलते. (त्या पण आता वेबिलच म्हणतात.) स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाठवणारा दुकानदार मी सांगलीत पहिल्यांदा बघितला. आम्ही दोन औषधं तिकडून घेतो, बाकीची यांच्याकडून.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिला हे सांगितलं तर म्हणाली आमच्याकडं हे सरकारीच आहे, फेब्रुवारी २०२१ पासून, पेशंट डिस्चार्ज झाला की गरज असेल तर हॉस्पिटल त्याच्या नेहमीच्या केमिस्टला कॉम्प्युटरवर कळवतं काय सुरू काय बंद, आणि केमिस्ट जुन्या यादीशी ताडून बघतो, पेशंटला बोलावून समजावतो. फुकट. आपल्याकडं पण कायदा नाही असं नाही, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये फार्मासिस्टनं पेशंटला औषध समजावून सांगायचं हे लिहिलेलं आहे. पण बऱ्याच मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणजे भिंतीवर फ्रेममध्ये लटकवलेलं सर्टिफिकेट असतं, माणूस भलतीकडं नोकरी करत असतो आणि काउंटरला बारावीचं पोरगं. मॅडम बी. फार्म. आहेत आणि स्वतः उभ्या असतात, फरक एवढाच. पण तो एवढाच फरक अण्णांच्या बाथरूमच्या दारापर्यंत आला होता.

तक्रारी पण आहेत, नाहीतर वाटेल नातेवाईकाचं दुकान आहे. डिस्काउंट फक्त दहा टक्के, तो पण मागितल्यावर. घरपोच नाही, निरोप पाठवला तर संध्याकाळी एक मुलगा सायकलवरून आणतो पण त्याचा भरवसा नाही, एकदा आमची पिशवी शेजारच्या विंगमध्ये देऊन आला. गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ, मॅडम कुणाला तरी समजावत असतात आणि मागं सहा जण उभे, त्यातला एक तरी ओरडतोच, अहो एक क्रोसिन द्या हो फक्त. त्या क्रोसिनवाल्याचा राग मला आधी यायचा नाही कारण मी स्वतः तोच होतो. पट्टी कापून देतात तेव्हा मात्र एक्सपायरीची तारीख छापलेला तुकडा स्वतःकडं ठेवत नाहीत, गिऱ्हाइकाला देतात, हे बारीक आहे पण बघा तुमचा मेडिकलवाला काय करतो.

अण्णांची तक्रार वेगळी. त्यांना झोप येत नव्हती, शेजारच्या काकांनी अल्प्राझोलामचं नाव सांगितलं, हे एकटेच दुकानात गेले मागायला. मॅडमनी दिली नाही. शेड्यूल एच-वन मधली आहे काका, चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरला डॉक्टरांचं आणि तुमचं नाव लिहून ठेवायला लागतं. अण्णा चिडून घरी आले, म्हणे मी काय चोर आहे का, नेहमीचा माणूस आहे त्यांचा. दोन दिवस दुकानावर बहिष्कार. तिसऱ्या दिवशी बीपी बघायला स्वतःच गेले कारण तिथं फुकट बघतात.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो सायकलवाल्या पोरासाठी.

महिन्याला पट्ट्या आणायला अण्णाच जातात आता, वेबिल चार घड्या घालून शर्टच्या खिशात, जिभेखालच्या गोळीच्या शेजारी. परवा मॅडमनी तपासलं तर एक रकाना कोरा होता, रविवार रात्रीचा. विचारलं काका इथं काय झालं, तर म्हणाले भाच्याचं लग्न होतं इस्लामपूरला, गाडी डेपोतच थांबली म्हणा. मॅडमनी त्या रकान्यात लाल पेननं फुली मारली आणि सही करायला लावली.

दुपारी दीड ते चार बंद असतं, त्या वेळात जाऊ नका.